राउटरच्या यादीतलं नाव

दारात उभा राहून कुणी "मॅडम, नेट गेला" म्हणालं, की मी तीन प्रश्न विचारायचे. लॅपटॉपच्या कडेला वायरलेसचं छोटं बटण असतं, ते चालू आहे का? राउटरवरचे दिवे कसे दिसतायत, एखादा लाल आहे का? आणि घरातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राला नेट लागतंय का? बहुतेकांचं दुखणं एवढ्यातच कळायचं. मग त्यांना वाटायचं, मॅडमला फार येतं. मलाही तसं वाटून घ्यायला आवडायचं.

मालवणच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत माझं दुकान होतं. आधी तिथे मी टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकवत असे. पुढे लोकांच्या घरी टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड आलं, मुंबईहून आणि आखातातून लॅपटॉप आले, आणि शिकवणी मागे पडून दुरुस्तीच वाढली. २००६ पासून २०१० पर्यंतचे दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. तेव्हा वायरलेस नवं होतं आणि ते दिसत नसल्यामुळे लोक त्याला जरा बिचकून असत. स्कूटरला पिशवी अडकवून मी देवगडपासून रेडीपर्यंत फिरले. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, एक लांब केबल, दोन जादा अॅडॉप्टर आणि मुंग्या झटकायला जुना दाढीचा ब्रश. अॅडॉप्टरच्या उबेला मुंग्या घर करतात, हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

कुणकेश्वरला एका लॉजमालकाने राउटर चोरीला जाईल म्हणून लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं आणि खोल्यांमध्ये नेट येत नाही म्हणून मला बोलावलं होतं. लहरींना लोखंड चालत नाही, असं मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग लाकडी कपाट केलं तर?" लाकडी कपाटाला मी परवानगी दिली. रेडीच्या एका कचेरीतले कारकून तर लॅपटॉप घेऊन दोनदा गोव्याला जाऊन आले होते. पुढच्या कडेचं बटण बंद होतं. मी ते नखाने सरकवलं आणि निळा दिवा लागला. ते बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, हे कुणाला सांगू नका. इतक्या वर्षांनी, त्यांचं नाव न घेता, आज पहिल्यांदा सांगते आहे.

आमच्याकडच्या घरांची मुख्य अडचण म्हणजे चिरा. जांभ्याच्या जाड भिंतीतून लहर एकदा जाते, दुसऱ्या भिंतीपाशी थकते आणि तिसरीतून पलीकडे येतच नाही. पावसाळ्यात चिरा पाणी पितो तेव्हा तर आणखी वाईट. म्हणून राउटर कुठे ठेवायचा हे ठरवण्यात माझा अर्धा वेळ जाई. मी खोल्याखोल्यांतून लॅपटॉप हातात घेऊन फिरायचे, पडद्यावरच्या सिग्नलच्या कांड्या मोजायचे, आणि घरातली माणसं माझ्या मागून चालायची.

असंच एकदा मी सुलोचनाकाकींच्या घरात फिरले होते.

काकी मासळीबाजारात बसायच्या. माझ्या आईच्या वेळेपासून आमच्या घरी मासे त्यांच्याकडचेच. नवरा गेल्यावर त्यांनी दोन मुलं वाढवली. थोरला स्वतःच्या होडीवर. धाकटा नितीन कुवेतमध्ये एका हॉटेलात एसी दुरुस्तीच्या कामाला. त्याचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. त्या वर्षी दिवाळीला तो रजेवर आला तो लॅपटॉप घेऊनच. त्याच्या बटणांवर इंग्रजीच्या बाजूला अरबी अक्षरंही होती. आपण परत गेल्यावर बायकोला समोरासमोर बघून बोलता यावं, एवढ्यासाठी त्याने घरी वायरलेस बसवून घेतलं.

फोन ओटीवर होता, म्हणून राउटरही ओटीवर. थोरल्याच्या मुलीचा दहावीच्या अभ्यासाचा कॉम्प्युटर तिथेच होता, तो वायरने जोडला. नितीनची खोली मात्र पार मागे, मध्ये दोन भिंती. राउटर खिडकीच्या फळीवर उंच सरकवला तेव्हा कुठे मागच्या खोलीत तीन कांड्या आल्या.

नितीनची बायको मनीषा, मूळची कुणकेश्वरची. बारावीपर्यंत शिकलेली. मी काम करताना ती एक शंभर पानी वही घेऊन आली आणि म्हणाली, बंद पडला तर काय करूचा, ता सांगा, मी लिवन घेतंय. माझ्या सगळ्या धंद्यात असं लिहून घेणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. मी सांगत गेले, ती नंबर घालून लिहीत गेली. एक, कडेचं बटण. दोन, नेटवर्कचं नाव आपलंच आहे ना. तीन, पासवर्ड घालताना मोठी-लहान अक्षरं सांभाळणं. चार, कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दिसला तर राउटर बंद करून तीसपर्यंत मोजून परत लावणं. पाच, लॅपटॉपची तारीख चुकली आहे का ते बघणं. सहा, जुनं नेटवर्क पुसून नव्याने जोडणं. ती इतकी मन लावून लिहीत होती, की मी राउटरच्या आतल्या पानावर कसं जायचं तेही सांगितलं आणि त्याचा पासवर्डही तिला लिहून दिला. एरवी तो मी कुणाला देत नसे.

जानेवारीच्या शेवटी नितीन परत गेला. महिन्याभरात बाजारात काकींनी मला थांबवून घेतलं. कोयती बाजूला ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाय, तुका एक काम सांगूचा आसा. घरातला काय व्हता, ता सगळा तेच दिवशी कुवेताक पोचता. झील थंय काम करूक गेलो काय घरची भांडणा सोडवूक? तिच्या लॅपटॉपाचा ता बंद कर. चेडवाचो कॉम्प्युटर मात्र चलाक व्हयो."

मी म्हटलं, तुम्हीच तिला सांगा ना. त्या म्हणाल्या, सांगितलं की तेही तिकडे पोचेल. तिला कळता नये. आपोआप बिघडलं असंच वाटलं पाहिजे.

मला नाही म्हणता आलं असतं. काकींनी आईच्या आजारपणात आमच्या घरी रोज पेज आणून दिली होती, त्याची आठवण मी त्या वेळी स्वतःला करून दिली. शिवाय घर त्यांचं, फोन त्यांच्या नावावर, मी दुरुस्तीवाली. घरातल्या भानगडीत मला पडायचं नाही, असं म्हणत मी त्या भानगडीत पुरती पडले.

महाशिवरात्रीच्या जत्रेला मनीषा माहेरी गेली होती. त्या दिवशी मी काकींच्या घरी गेले. पासवर्ड बदलला असता तर तिला लगेच कळलं असतं. मी त्याहून हुशारी केली. प्रत्येक लॅपटॉपच्या वायरलेस कार्डाला कारखान्यातूनच एक नंबर मिळालेला असतो, जगात दुसऱ्या कुठल्याही कार्डाला नसणारा. राउटरच्या आत एक यादी असते. त्या यादीत तो नंबर टाकला की राउटर त्या लॅपटॉपला जवळ करत नाही. नेटवर्कचं नाव दिसतं, पासवर्ड घेतला जातो, आणि मग नुसतं 'जोडता आलं नाही' असं येतं. का, ते कळत नाही. नंबरासमोर खूण म्हणून काहीतरी लिहायला जागा असते. माझ्या नीटनेटक्या सवयीने मी तिथे इंग्रजीत 'मनीषा' असं लिहिलं. दहा मिनिटांत काम झालं. काम सुबक झालं, असंही मला वाटलं. निघताना काकींनी एक मोठा सरंगा केळीच्या पानात बांधून दिला. तो आम्ही जेवणात खाल्ला.

चार-पाच दिवसांनी मनीषा कापडी पिशवीत लॅपटॉप घेऊन दुकानात आली. तिने वही उघडून दाखवली. सहाही नंबरांपुढे पेन्सिलीने बरोबरच्या खुणा होत्या. मी लॅपटॉप चालू केला, तर माझ्या दुकानातल्या नेटवर्कला तो लगेच लागला. लागणारच होता. मी तिला सांगितलं, तुमच्या घराच्या भिंती जाड, खारी हवा, कार्ड जरा कमजोर झालं असेल.

"मगे हय कसा लागला?"

इथे राउटर हाताशी आहे ना, मी म्हटलं. तिला ते पटलं. मी सांगितलेलं तिला पटत असे.

दुसऱ्यांदा ती आठ दिवसांनी आली. या वेळी तिने सगळ्यांसमोर ओटीवर, राउटरला लॅपटॉप टेकवून बघितला होता. तरी लागला नव्हता. म्हणजे भिंतींचं माझं कारण तिने स्वतःच खोटं पाडलं होतं, पण ते तिच्या मनात आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मी सगळा करून बघितलंय. तुम्ही सांगलास तसाच. माझाच काय तरी चुकता." मी मान खाली घालून दुसऱ्या कुणाचा तरी कीबोर्ड पुसत होते. म्हटलं, बघू, नवीन कार्ड मागवते. कार्ड मी मागवलंच नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, तिने फोन का केला नाही? त्यांच्या वाडीत डोंगराआड मोबाईलला रेंज नव्हती. ओटीवरचा फोन सगळ्यांच्या कानाशी. नितीनचा फोन यायचा तेव्हा काकी आधी बोलायच्या, मग थोरला, मग मनीषाच्या हातात रिसीव्हर येई आणि सगळे तिथेच बसलेले असत. नितीन कामावरून मोकळा व्हायचा तो आपल्याकडच्या साडेसात-आठला, आणि मालवणहून तिच्या वाडीकडे जाणारी शेवटची एसटी सहाची. माझ्या दुकानात बसून बोलायचं, तर घरी परतायची सोय नाही. मी तिला स्कूटरवरून सोडू शकले असते. तसं मी सुचवलं नाही. काकींना कळलं असतं.

शिमग्यानंतर ती तिसऱ्यांदा आली. चेहरा उतरलेला, ओठ पांढुरके. बसायला सांगितलं तर बसली आणि लॅपटॉप पिशवीतून बाहेरही काढला नाही. तिने विचारलं, कार्ड आलं का? मी म्हटलं, नाही. मग ती म्हणाली, "तेका एक गोष्ट सांगूची आसा. तोंड बघून सांगूची आसा. फोनार नाय." आपण बाजारातल्या बूथमध्ये जाऊन आलो, नंबर फिरवायला घेतला, मागे तीन माणसं रांगेत उभी होती, तशीच परत आलो, असंही तिने सांगितलं. मी तिला पाणी दिलं. काय सांगायचं आहे ते विचारलं नाही.

ती गेल्यावर मी दुकानाची फळी ओढली आणि बाजारात काकींकडे गेले. म्हटलं, काकी, पुरे झालं, मी ते काढून टाकते. काकी गिऱ्हाईकाला बांगडे मोजून देत होत्या. ते गेल्यावर म्हणाल्या, "थोरलो माझ्या डोळ्यासमोर आसा. ह्यो एक भायर गेलो. रोज तोंड बघून बोललो काय तिका थंय न्हेतलो. ती थंय गेली काय मगे तो परत येवचो नाय." बोलताना त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. रोज पहाटे बंदरावर लिलावात पुरुषांशी भांडून मासळी घेणारी ही बाई, तिला मी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. मला त्यांची दया आली. मी यादी तशीच ठेवली आणि घरी आले. दोघींपैकी जी समोर असेल तिची दया मला यायची, आणि सोय मात्र दर वेळी काकींचीच व्हायची.

आठवड्याभराने मनीषा परत आली. या वेळी हातात पिशवी नव्हती. दुकानात दोन मुलं शिकत होती, ती जाईपर्यंत ती बाकावर थांबली. आजवर ती माझ्याशी मालवणीतच बोलायची. त्या दिवशी ती पुस्तकी मराठीत बोलली, जशी आपण मामलेदार कचेरीत बोलतो.

"मॅडम, राउटरच्या यादीत माझं नाव तुम्ही लिहिलंत का?"

पुतणी शिकवणीला गेली असताना तिने ओटीवरच्या कॉम्प्युटरवरून राउटरचं आतलं पान उघडलं होतं. मी दिलेल्याच पासवर्डने. एकेक पान उघडत, इंग्रजी शब्द अडले तर वहीत उतरवत, ती तीन दिवस शोधत होती. आणि एका पानावर तिला स्वतःचं नाव दिसलं.

मी हो म्हटलं. कुणी सांगितलं होतं, ते मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने हाताने थांबवलं. ते मला कळतं, म्हणाली. ते नाव तिने स्वतःच काढलं होतं आणि आदल्या संध्याकाळी ती नितीनशी बोललीही होती.

"पहिल्यांदा आले, तेव्हा मला दिवस गेलेत हे त्यांना सांगायचं होतं. घरात कुणालाही सांगायच्या आधी. तिसऱ्यांदा आले, तेव्हा ते राहिलं नाही हे सांगायचं होतं."

शिमग्याला ती माहेरी गेली होती, तिथेच ते झालं. आईला तिने शपथ घातली होती, नितीनला कळेपर्यंत सासरी कळवायचं नाही. महिना-सव्वा महिना ती हे दोन्ही निरोप मनात घेऊन त्या घरात वावरत होती, पाणी भरत होती, काकींची टोपली डोक्यावर चढवून देत होती. आणि माझ्यासमोर बसून, आपलंच काहीतरी चुकतंय म्हणत होती.

ती उठली. दारातून वळून म्हणाली, "तिसऱ्या वेळी तरी सांगायचं होतंत." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी काकींना सांगितलं, की तिला यादीचं कळलं आहे. बाकीचं सांगण्याचा अधिकार मला नव्हता. काकी समोरच्या मासळीवर पाणी शिंपडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिना माका एक शब्द बोलूक नाय. सकाळी च्या दिल्यान, जेवण वाढल्यान. भांडली असती तर बरा झाला असता."

पुढे पावसाळा सरल्यावर नितीन रजेवर आला तो तिचे कागद करूनच. त्याच्या हॉटेलने कुटुंबासाठी खोली दिली होती. काकींना ज्याची भीती होती तेच झालं, आणि ते आम्हा दोघींमुळे लवकर झालं, असं मला वाटतं. मनीषाला त्या घरातून जायची एरवी घाई नव्हती. तिला फक्त नवऱ्याशी बोलायचं होतं.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. बोलावणं नव्हतं. काकी ओटीवर बसून सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोलंबीच्या, पुड्या बांधत होत्या, कुवेतला न्यायला. मला बघून त्यांनी पाट सरकवला. हात थांबवले नाहीत. पुडीकडे बघतच म्हणाल्या, "माका ठावक नव्हता गो. आता झिलान सांगल्यान." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुका ठावक होता?"

मी म्हटलं, नंतर कळलं होतं. चैत्रात.

"आणि तू माका सांगलंस नाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पुडी बांधायला लागल्या. गाठ सुटत होती, तीच तीच बांधत होत्या.

मनीषा आतून चहा घेऊन आली. मी उभी राहिले. रस्ताभर घोकून आणलेलं सगळं विसरले आणि नुसतं "मनीषा, माझं चुकलं, माफ कर" एवढंच म्हटलं. तिने कप माझ्या हातात दिला. तिला राग आलेला दिसत नव्हता. ती विचार करत होती, जशी वहीत लिहिण्यापूर्वी करायची.

"माफ केलं म्हणणं सोपं आहे, मॅडम," ती म्हणाली. "उद्या मी जाणार. म्हणून टाकलं तर तुम्हालाही बरं वाटेल. पण मला अजून तसं वाटत नाही. वाटलं की कळवीन."

मी चहा संपवला. कप आत नेऊन मोरीवर ठेवला आणि घरी आले.

त्यानंतर मी आणखी बरीच वर्षं दुकान चालवलं. कितीतरी घरांत वायरलेस जोडलं. मुलांना नेट बंद करा, सुनेचं बंद करा, भाडेकरूचं बंद करा, असं सांगणारे खूप भेटले. मी त्यांना एकच सांगायचे, ज्याचं बंद करायचं त्याला समोर बसवा, मग करते. बरेच जण दुसऱ्याकडे गेले. गेल्या वर्षी दुकान बंद केलं तेव्हा जुनी गिऱ्हाइकं भेटायला आली, कौतुकाचं बोलली. मला ते ऐकणं जड जात होतं.

मनीषाला पुढे दोन मुलगे झाले, हे मला काकींकडूनच कळलं. काकी आता बाजारात बसत नाहीत. सुट्टीत ते सगळे गावी येतात, महिनाभर राहतात, परत जातात. एकदा बाजारपेठेत ती समोरून येताना दिसली. मुलांची बोटं धरलेली. तिने मला ओळखलं, मान हलवली, आणि मुलांना सांभाळत पुढे गेली. मीही थांबवलं नाही. माझा नंबर तिच्याकडे आहे. तो मी बदललेला नाही.